नवसाचा कोंबडा आणि उजवा हात

आमच्या घरात देव्हारा नाही. शोकेसवर बुद्धाची मूर्ती आहे, तिच्यापुढे सकाळी मेणबत्ती आणि अगरबत्ती लागते, बस. नवस, उपास, अंगारे-धुपारे यातलं काही आमच्याकडे चालत नाही. आणि तरी गेल्या दिवाळीपासून चैत्रापर्यंत एका देवीचा कोंबडा आमच्या अंगणात राजासारखा राहिला. वर त्याने माझ्या नवऱ्याला घरात कोंडून ठेवलं. कुणाला सांगितलं तर हसतात. आता मलाही हसू येतं. तेव्हा मात्र अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा.

कल्याणजवळ मोहन्याला आमचं बैठं घर आहे, मागे जेमतेम अंगण. एक शेवग्याचं झाड, धुण्याचा दगड आणि कोपऱ्यात पत्र्याचं खुराडं. कोंबड्यांची हौस माझी. सगळा भरणा मिक्स. दोन काळ्या गावठी, एक मानेवर पिसंच नसलेली, एक पोल्ट्रीच्या टेम्पोतून रस्त्यावर पडलेली पांढरी फार्मवाली, आणि या सगळ्यांची सासू म्हणजे एक लाल म्हातारी. ती अंडी द्यायची कधीच थांबली होती, पण तिच्या शब्दाबाहेर कुणी नव्हतं. मी सकाळी बालवाडीत शिकवायला जायचे, हे रिक्षा घेऊन बाहेर पडायचे, आणि दिवसभर घर म्हातारी सांभाळायची.

गेल्या पावसाळ्यात ह्यांना पॅरालिसिसचा झटका आला. उजवी बाजू गेली. पाय तसा लवकर सुधारला, काठी घेऊन चालायला लागले. हात मात्र हट्टाला पेटल्यासारखा. मूठ वळलेली ती वळलेलीच. उघडायची म्हणजे मी एकेक बोट धरून सरळ करायचं, आणि सोडलं की परत आत. कल्याणहून फिजिओथेरपीवाली पोरगी स्कूटीवरून यायची. तिने रबरी बॉल दिला. ह्यांनी तो डाव्या हाताने भिंतीवर फेकला. “बॉल खेळायला मी काय बाळ आहे?” म्हणे. कंपनीत होते तेव्हाही असेच, नंतर रिक्षा चालवायला लागले तेव्हाही असेच. कुणाचं ऐकायचं म्हणजे कमीपणा.

पण पोरगी चलाख. एकदा जाता जाता तिने अंगणात कोंबड्या बघितल्या आणि म्हणाली, “काका, बॉल राहू दे. मुठीत तांदळाची कणी घ्या आणि ह्या कोंबड्यांना टाका. टाकायची म्हणजे मूठ उघडावीच लागेल ना?” आणि खरंच, कोंबड्या समोर येऊन माना वर करून उभ्या राहिल्या की ह्यांना लाज वाटायची त्यांना ताटकळत ठेवायची. दात-ओठ खाऊन बोटं उघडायचे. इतका वेळ लागायचा की तोवर माझा चहा गाळून व्हायचा. चार दाणे पडायचे, पण पडायचे. ती पोरगी मला बाजूला घेऊन म्हणालेली, “काकू, जे काय परत यायचं ते बहुतेक पहिल्या वर्षात येतं. हे सोडू देऊ नका.” मी ते मनात धरून ठेवलं होतं. रोज सकाळ-संध्याकाळ डबा ह्यांच्या मांडीवर.

दिवाळीच्या सुमारास समोरची मावशी आली. मावशी म्हणजे जुनी आगरी बाई, माझं लग्न होऊन मी इथे आले तेव्हापासून मला लेक मानते. म्हणून ह्यांना जावयबापू म्हणते आणि वर त्यांच्याकडून मान करूनही घेते. तिचं घर पाडून तिथे बिल्डिंग उभी राहणार होती, आणि ती शहाडला चौथ्या मजल्यावर भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहायला चाललेली. पदराखालून तिने एक कोंबडा काढला. कोंबडा कसला, कबुतराएवढं पोर. तांबडा-सोनेरी, शेपटी अजून धड फुटलेली नाही.

“बाय, यो देवीचा हाय,” ती म्हणाली. “लेकीला पोर झाला ना, त्याचा नवस. चैतात डोंगरावर न्यायचा हाय. सोसायटीत कोंबरा ठेवाला देत नाय मेले. तू संभाल.”

मी ह्यांच्याकडे बघितलं. ह्यांनी मान हलवली, ठेव म्हणून.

“पन एक हाय,” मावशी म्हणाली. “त्याच्या अंगाला धक्का लागाला नको. तुरा फाटला, पाय मोरला, त देवीला चालत नाय. काठी नाय मारायची त्याला.”

झालं. आता गंमत अशी की दुसऱ्या कुणाच्या घरी हा कोंबडा गेला असता तर चार कोंबड्यांत पाचवा म्हणून पडून राहिला असता. आमच्या घरी आला आणि त्याचं नशीब उघडलं. कारण आम्ही पडलो बौद्ध. देवीचा कोंबडा आमच्याकडे ठेवला आणि तो वाळला, आजारी पडला, तर लोक काय म्हणतील? म्हणतील, ह्यांना देव नाही ना, ह्यांनी मुद्दाम हेळसांड केली. कुणी असं म्हटलेलं नव्हतं हां. मावशीच्या तर मनातही नव्हतं. पण आमच्या मनात होतं. म्हणून त्याला वेगळी स्टीलची वाटी. सगळ्यांच्या आधी खाणं. कधी भिजवलेले हरभरे, कधी पोळीचा चुरा दुधात. बाकीच्या कोंबड्या दारात उभ्या आणि हा पाहुणा आत बसून जेवतोय. “त्याला आधी दे,” हे रोज बजावायचे. “दुसऱ्याची अमानत आहे.”

मावशी व्हिडिओ कॉल करायची. “तुरा दाखव त्याचा.” मी फोन घेऊन अंगणात कोंबड्याच्या मागे. “काय बाय चकाकतंय त्याचं अंग!” ती तिकडून म्हणायची, आणि मला उगाच अभिमान वाटायचा. माहेरी कौतुक झालं की वाटतो तसा.

थंडी सरत आली आणि कोंबड्याला कंठ फुटला. बेसूर ओरडायचा, पण दिवसभर. मग कोंबड्यांच्या मागे लागायला लागला. पांढरीला पाण्याजवळ येऊ देईना. ती बिचारी आधीच घाबरट, शेवग्याच्या मागे जाऊन उभी राहायची. पिसं नसलेलीची मान टोचून लाल केली. म्हातारी एकदा त्याच्यावर धावून गेली, तर तिलाच खाली पाडलं. मी काठी उचलली आणि मावशीचं बोलणं आठवून परत ठेवली. काठी नाही, लाथ नाही. नुसतं “हाड हाड” करायचं. त्याला माझ्या हाडहाडचं काय? तो पंख खाली सोडून तिरका तिरका चालत माझ्याच अंगावर यायचा.

आणि एक दिवस मी बालवाडीतून आले तर हे धुण्याच्या दगडावर बसलेले. काठी लांब पडलेली, डब्यातले तांदूळ अंगणभर. उजव्या मुठीवरून रक्त गळत होतं, पायजम्यावर डाग. रक्त पातळ व्हायच्या गोळ्या चालू, त्यामुळे थांबायचं नाव नाही. समोर तो उभा, मान ताठ करून.

“अहो, ओरडायचं तरी! शेजारी माणसं मेलीत का?” मी ओरडले. घाबरले की मी ओरडतेच, माझा स्वभाव आहे.

हे शांत होते. हळदीची पूड दाबून मी फडकं बांधत होते तेव्हा म्हणाले, “मूठ उघडेपर्यंत त्याला दम निघाला नाही. टोचायला लागला.”

“मग हात मागे घ्यायचा ना!”

“मला कळलंच नाही गं,” ते म्हणाले. “तो टोचत होता ते मला कळलंच नाही. रक्त दिसलं तेव्हा कळलं.”

मी फडक्याची गाठ मारली आणि चहा ठेवायला आत गेले.

दुसऱ्या दिवशी हे अंगणात गेले नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाही. डबा मांडीवर ठेवला तर डाव्या हाताने बाजूला सरकवला. खिडकीपाशी खुर्ची घेऊन मोबाइल बघत बसायचे. मी म्हटलं, जखम भरली की जातील. जखम भरली. हे गेले नाहीत. मूठ परत घट्ट व्हायला लागली, आतली नखं तळव्यात रुतायची, कापताना माझी पंचाईत. फिजिओवाली आली, हात दाबून बघितला आणि तोंडाने नुसतं ‘च्च’ केलं. ते च्च माझ्या डोक्यात बसलं. वर्षातले महिने असे खुर्चीत चाललेले, आणि मी बघत होते.

“आज रात्री रस्सा करते त्याचा,” मी जाहीर केलं. आम्ही काही माळकरी नाही, रविवारी आमच्याकडे चिकन शिजतंच.

“तिचा नवस आहे,” हे म्हणाले.

“आपण मानतो का नवस?”

“आपण नाही मानत. ती मानते. ठेव म्हणाली, आपण ठेव घेतली.”

“मग तिला बोलावते, घेऊन जाऊ दे.”

“चौथ्या मजल्यावर कुठे बांधेल? काही सांगायचं नाही तिला.”

आणि संध्याकाळी मावशीचा व्हिडिओ कॉल आला तेव्हा हेच आतून ओरडले, “मजेत आहे तुमचा कोंबडा!” मी कपाळावर हात मारला. ज्याने ह्यांना कोंडलं त्याचीच बाजू घेणारा माणूस. सांगायचं कुणाला?

रविवार आला तशी मी अंगणाच्या पायरीवर बसून राहिले. म्हटलं, बघू तरी हा नेमका कसा वागतो. वाटीत हरभरे घातले, हा आला, ऐटीत खाल्ले. बाकीच्या लांब उभ्या. मग मी बाकीच्यांसाठी मूठभर कणी घेतली, तर हा वाटी सोडून माझ्या मुठीवर आला. आणि लख्ख प्रकाश पडला डोक्यात. बालवाडीत असं पोर दरवर्षी एक तरी येतंच. घरात आजीने, आत्याने पहिला घास त्याच्याच तोंडात घातलेला असतो. मग शाळेत खाऊ वाटायला लागले की ते पहिलं उठून येतं आणि दुसऱ्याच्या हातातलं ओढून घेतं. पोर वाईट नसतं. त्याला कुणी थांबायला सांगितलेलंच नसतं. ह्या कोंबड्याच्या लेखी अंगणातली प्रत्येक मूठ त्याची होती, आणि ती मूठ उघडायला उशीर लावणारा माणूस त्याच्या खाण्याच्या आड येत होता. डोक्यावर बसवला कुणी? आम्हीच. लोक काय म्हणतील म्हणून.

त्याच दिवसापासून वाटी बंद. खाण्याच्या वेळी त्याला डालग्याखाली, म्हणजे वेताच्या मोठ्या टोपलीखाली झाकायचं, वर वीट. आधी म्हातारी खाणार, मग काळ्या, मग पांढरी, आणि शेवटी डालगं उचलायचं. पहिल्यांदा काय तमाशा! आतून धडका मारल्या, बोंब ठोकली. धक्का लागू नये म्हणून मी आतून गोणपाट लावलेलं. हळूहळू गप्प बसायला लागला. एकदा डालगं उचलल्यावर थेट म्हातारीच्या तोंडापुढे गेला, तर तिने त्याला टणकन टोचलं आणि हा चक्क बाजूला झाला. मी टाळ्याच वाजवल्या.

कोंबड्यांचं जमलं. पण हे खुर्चीतून उठेनात. “आता तो तसा नाही राहिला,” मी सांगायचे. “बरं,” म्हणायचे आणि मोबाइलमध्ये बघायचे. कोंबड्याला ते घाबरत नव्हते हो. रिक्षावाला माणूस, कल्याण स्टेशनबाहेर आयुष्य गेलं, कोंबड्याला काय घाबरणार? त्या हाताने त्यांना दगा दिला होता. रक्त येतंय आणि कळत नाही, अशा हाताशी त्यांना बोलायचंच नव्हतं.

एका सकाळी माझा पारा चढला. बालवाडीत माझा एक नियम आहे. दोन पोरं भांडली की दोघांना एका बस्करावर बसवायचं, मांडीला मांडी लावून, आणि दोघांच्या हातात मिळून एकच पाटी. राग जाईपर्यंत उठायचं नाही. मी बाहेर गेले, कोंबडा धरला, जुन्या टॉवेलात गुंडाळला आणि आणून ह्यांच्या मांडीवर ठेवला. उजवा हात उचलून त्याच्यावर टाकला.

“अगं ए! काय करतेस? उचल त्याला!”

“धरा. मला पोळ्या लाटायच्यात.”

“पडेल तो!”

“पडला तर तुरा फाटेल. देवीला काय सांगायचं ते तुम्ही सांगा.”

आणि मी आत निघून गेले. टॉवेलचं टोक डोक्यावर टाकलं की कोंबडं गप्प होतं, हे मला ठाऊक होतं. ह्यांचं ठाऊक नव्हतं. पोळ्या लाटता लाटता कान तिकडेच. आधी शिव्या ऐकू आल्या. मला, कोंबड्याला, मावशीला, सगळ्यांना. मग काही नाही. डोकावून बघितलं तर टॉवेल डोक्यावरून सरकलेला आणि दोघं एकमेकांकडे बघत बसलेले, दोघांचीही तोंडं फुगलेली.

मग ते रोजचंच झालं. मी शाळेत जायच्या आधी पार्सल मांडीवर. टॉवेलाची घडी हळूहळू सैल झाली आणि एक दिवस टॉवेल लागेनासाच झाला. हे त्याच्याशी बोलायचे. कुठली शीट कुठे सोडली, कोण भाडं बुडवून पळालं, मीटरवरून कुणाशी कसं वाजलं. माझ्याशी वर्षानुवर्षं न बोललेल्या गोष्टी कोंबड्याला सांगत होते. डाव्या हाताने त्याच्या गळ्याखाली खाजवायचे आणि उजवा त्याच्या पाठीवर पडलेला असायचा, आधी मूठ, मग अर्धवट मूठ. ऊब लागली की बोटं सैल पडत असतील, मला काय कळतंय त्यातलं.

एकदा मी भाजी निवडत शेजारी बसले होते. हे कोंबड्याशी बोलत होते, ते मध्येच माझ्याकडे वळले. म्हणाले, “गरम लागतंय.”

“पंखा लावू?”

“तसं नाही. हाताला. हा गरम लागतोय हाताला.”

मी भाजी तशीच टाकली. “कुठे? दाखवा. कुठल्या बोटाला?” हे चिडले, म्हणाले, बोटाबोटाचा हिशोब मागू नकोस. पण तोंडावर हसू होतं, झटका आल्यापासून मी न पाहिलेलं. मी मोरीत जाऊन नळ सोडला आणि तोंड धुऊन आले.

त्या आठवड्यात हे अंगणात गेले. कोंबडा काखेत, डबा माझ्या हातात. पहिल्या दिवशी दगडावर नुसते बसले. नंतर त्याला खाली सोडला, आणि तो गेला नाही, पायाशीच बसला. ह्यांनी दाणे टाकले. मूठ उघडायला पूर्वीइतकाच वेळ लागला, पण ह्यावेळी सगळे थांबले, तोसुद्धा.

चैत्र आला. मावशी हळद-कुंकवाचं ताट आणि नवी कापडी पिशवी घेऊन आली. लेक आणि नातू बाहेर रिक्षात बसलेले. हे दगडावर, कोंबडा मांडीवर. त्याला आम्ही आदल्या दिवशी अंघोळ घातलेली. मावशीने त्याच्या कपाळावर हळद लावली, पंख उचलून बघितले, पाय बघितले.

“कुठं खोट नाय. काय राखलास बाय, काय राखलास!” ती म्हणाली, आणि त्याला उचलायला वाकली.

तो उचलला जाईना. ह्यांचा उजवा हात त्याच्या दोन्ही पायांभोवती होता. मूठ वळलेली, घट्ट.

“सोडा जावयबापू,” मावशी हलकेच म्हणाली.

ह्यांनी हाताकडे बघितलं. मी सवयीने पुढे झाले, बोटं सोडवायला.

“थांब,” ते म्हणाले. “मी सोडतो.”

आधी अंगठा हलला. मग करंगळी. कपाळावर घाम आला. बाहेर रिक्षावाल्याने हॉर्न मारला, पण मावशी तशीच वाकून उभी. मधली बोटं सगळ्यांत शेवटी उघडली. हात पूर्ण सरळ झाला, तळवा वर, त्यावर पायांचे वळ. कोंबडा क्षणभर तसाच बसून राहिला. मग मावशीने त्याला उचललं, पिशवीत घातलं, आणि माझ्या गालावरून हात फिरवून गेली.

रिक्षा वळल्याचा आवाज आला आणि मला रडू फुटलं. पदर तोंडात धरला तरी थांबेना. कशाचं रडत होते देव जाणे, आणि देव तर आमच्याकडे नाही.

“येड्यासारखी रडतेस काय?” हे म्हणाले. “कोंबडा गेलाय. मी आहे ना अजून.”

“मग उठा,” मी म्हटलं आणि डबा पुढे केला. “बाकीच्या उपाशी आहेत.”